इंग्रजीच्या तासाला बोलते कोण?

२०२५ चा जून महिना महाराष्ट्रात भाषेवरून गाजला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणणारे १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय निघाले, त्यांवरून रण पेटले, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन शासनाने डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर केले. या वादात पुढारी बोलले, लेखक बोलले, भाषातज्ज्ञ बोलले, पालकही बोलले. कोणती भाषा, कोणत्या इयत्तेपासून, सक्तीची की ऐच्छिक, याचा पुरेपूर कीस पाडला गेला. पण ज्या मुलांच्या तोंडी ती भाषा घालायची, त्या मुलांचे तोंड वर्गात मुळात उघडते किती वेळा, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

खरे तर तो २००० सालीच विचारायला हवा होता. त्या वर्षीच्या जूनपासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तोवर ती पाचवीत येत असे. त्या निर्णयाविरुद्ध प्रस्थापित मराठी विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. त्यांच्यापैकी कितीजणांची नातवंडे तेव्हा इंग्रजी माध्यमात होती हा हिशेब मी इथे काढत बसत नाही. आपल्या वस्त्यांतून त्या निर्णयाचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माऊली मानले, ते उगाच नव्हे. बाबासाहेबांनी जगापुढे आपला दावा मांडला तो इंग्रजीत. ती भाषा आपल्या मुलांना उशिरा मिळावी असे म्हणणाऱ्याच्या हेतूविषयी आपल्याला संशय येतो, आणि तो संशय इतिहासाने दिलेला आहे.

पण पंचवीस वर्षे झाली. पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या मुलांच्या कितीतरी तुकड्या कॉलेजातून बाहेर पडल्या. मी रत्नागिरीत एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्यापुढे बसणारी मुले संगमेश्वर, लांजा, राजापूरकडच्या वाड्यांवरून येतात, बारा वर्षे इंग्रजी शिकून येतात. पेपरात पास होतात, काहीजण चांगल्या गुणांनी. तोंडी परीक्षेला मात्र समोर बसले की विचारतात, “मॅडम, मराठीत सांगू का?” सांगा म्हटले, तर मराठीतही चटकन बोलत नाहीत. मान खाली घालून, पाठ केलेले काही आठवते का ते शोधत राहतात. म्हणजे दुखणे इंग्रजीच्या खाली कुठेतरी आहे. ते कुठे लागले हे पाहावे म्हणून त्या पावसाळ्यात सवड काढून मी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसू लागले. चार इयत्ता, दोन शिक्षक, पट विसाच्या आतबाहेर. शाळेचे नाव देत नाही. कोकणात असल्या शाळा डोंगराआड डोंगर आहेत, त्यामुळे नावाने काही अडत नाही.

दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग होता. गुरुजींनी एक रंगीत चित्र उंच धरले.

“व्हॉट इज धिस?”

“धिस इज अ मँगोऽऽ!” सगळा वर्ग एका सुरात.

“व्हेरी गुड. अगेन.”

“धिस इज अ मँगोऽऽ!”

भिंतीलगत बसलेला एक मुलगा चित्राकडे टक लावून बघत होता. तो म्हणाला, “ह्यो हापूस नाय, गुरुजी. रायवळ हाय.”

“मराठीत नको. काय म्हणायचं? धिस इज अ...”

“मँगो,” मुलगा म्हणाला.

“गुड.” आणि पान उलटले.

हा प्रसंग तेवढाच आहे. कोणी कोणाला मारले नाही, कोणी शिवी दिली नाही. गुरुजींच्या आवाजात रागही नव्हता. आपल्या आत्मकथनांत शाळेचे जे प्रसंग आपण वाचत आलो, त्यांच्या शेजारी ठेवला तर हा प्रसंग दिसणारसुद्धा नाही. म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

त्या मुलाचा बाप एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्याच्या बागेत राखणीला असतो. आकार आणि देठाची बाजू बघून आंब्याची जात सांगणे हे त्या मुलाचे घरचे ज्ञान आहे. त्या अर्ध्या तासात वर्गात उच्चारलेल्या सगळ्या वाक्यांत नवी माहिती देणारे वाक्य एकच होते, आणि ते त्याचे होते. बाकीचे सगळे, गुरुजींसकट, जे सर्वांना ठाऊक आहे तेच एकमेकांना सांगत होते. ‘मँगो’ हा शब्द त्या मुलाला आधीपासून येत होता. त्याला हवा होता तो पुढचा शब्द: नाही, हा तो नव्हे, हा दुसरा. इंग्रजी वाक्य शिकवण्याची याहून चांगली संधी कुठल्याही पुस्तकाने आणून दिली नसती. “इट इज नॉट हापूस. इट इज रायवळ.” चार शब्दांचे वाक्य, आणि त्यातला एक शब्द त्याचा स्वतःचा. ती संधी ‘मराठीत नको’ या दोन शब्दांनी गेली.

बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सिंक्लेअर आणि कुल्थर्ड या दोघा भाषाशास्त्रज्ञांनी वर्गातले बोलणे टिपून त्याची चिकित्सा केली. त्यांचे पुस्तक १९७५ चे आहे. त्यांना आढळले की वर्गातल्या बोलण्याचा एक ठरलेला साचा असतो. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देते, शिक्षक त्या उत्तरावर शेरा मारतो. की लगेच पुढचा प्रश्न. वाचायला साधी गोष्ट वाटते. पण वर्गाबाहेर असे कोणी बोलत नाही. मिरकरवाड्याच्या बाजारात ‘बांगडा कसा दिला?’ म्हणून विचारले आणि कोळणीने भाव सांगितला, तर ‘शाब्बास, अगदी बरोबर’ असे कोणी म्हणत नाही. म्हणेल तर ती टोपलीतले पाणी अंगावर फेकील. तिथे विचारणाऱ्याला भाव खरोखरच ठाऊक नसतो. वर्गात विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, तो फक्त तपासत असतो. उत्तर ठाऊक असताना विचारलेला प्रश्न ही एक प्रकारची झडतीच असते, आणि झडतीत माणूस मोजकेच बोलतो.

मराठीच्या किंवा परिसर अभ्यासाच्या तासाला या साच्याने नुकसान होतेच. पण ती भाषा मुलाला अंगणात, पऱ्यावर, देवळाच्या पारावर बोलायला मिळते. इंग्रजीचे तसे नाही. वाडीतल्या मुलाला इंग्रजी बोलायला मिळण्याची जागा तो तास हीच. शहरातल्या सुखवस्तू घरातले मूल आईशी, शिकवणीच्या बाईंशी, टी.व्ही.शी, मोबाईलशी इंग्रजीतून उलटसुलट बोलून येते. शाळेने त्याला बोलू दिले नाही तरी त्याचे भागते. म्हणून वर्गातल्या बोलण्याचा साचा हा आपल्या मुलांच्या बाबतीत साऱ्या इंग्रजीचा साचा होऊन बसतो. तिथे एका सुरात ‘मँगो’ एवढेच मिळाले, तर त्याच्या वाट्याची इंग्रजी तेवढीच.

आता या एका सुराकडे वळू. हा कोरस आपल्या सर्वांच्या कानांत आहे. रस्त्यावरून जाताना प्राथमिक शाळा ऐकू येते ती त्यानेच. त्याचे कौतुक होते. तपासणीला आलेले साहेबही खूष होतात. कीथ चिक नावाच्या अभ्यासकाने दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या मुलांच्या शाळांतला नेमका हाच कोरस अभ्यासला. क्वाझुलूतल्या त्या वर्गांवरचा त्याचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. वर्णभेदी राजवटीने काळ्यांसाठी मुद्दाम हलके शिक्षण ठेवले होते. तिथले शिक्षक स्वतः काळे, स्वतः त्याच शिक्षणातून आलेले, आणि शिकवायचे इंग्रजीतून. चिक म्हणतो की त्या वर्गात कोरस हा शिक्षक आणि मुले यांच्यातला न बोलता झालेला करार असतो. कोणाला काय येत नाही ते उघडे पडत नाही, कोणाची अब्रू जात नाही, आणि शिकणे चालू आहे असे सर्वांना वाटत राहते. त्याने त्याला ‘सुरक्षित बोलणे’ असे नाव दिले.

हे वाचताना मला आमचे गुरुजी दिसले. ते आपल्यातलेच आहेत, डी.एड. करून नोकरीला लागलेले. तास संपल्यावर व्हरांड्यात मी त्यांना त्या रायवळ आंब्याविषयी विचारले. ते बराच वेळ पावसाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “मॅडम, खरं सांगू? पोर वाक्याच्या बाहेर गेलं की पुढचं वाक्य मलाच येत नाही.” इतका प्रामाणिक माणूस मी शिक्षणक्षेत्रात फार थोडा पाहिला. त्यांच्याशीही कोणी कधी इंग्रजीत बोललेले नाही. त्यांनाही कोरसच मिळाला, प्रशिक्षणेही भाषणांची मिळाली. वर माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आहेतच. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली होती की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील. फुल्यांची ती मागणी आज अर्धी पुरी झाली आहे. शिक्षक आपल्यातले आले. पण मिसळण्यासाठी जी भाषा लागते तिला त्या तासाला वर्गाबाहेर उभे करण्याची शिस्त त्यांना वरून मिळाली.

मी वहीत दोन रकाने आखले होते. एकात शिक्षकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची रेघ मारायची, दुसऱ्यात मुलांनी विचारलेल्या प्रश्नाची. पहिला रकाना पानभर भरला. दुसऱ्यात एकच रेघ होती. तो प्रश्न असा: “मे आय गो टू ड्रिंक वॉटर, सर?”

या वाक्याचे मला किती दिवस राहून राहून आश्चर्य वाटत होते. त्या शाळेतली मुले इंग्रजीतले जे वाक्य स्वतःच्या गरजेसाठी, न अडखळता, योग्य माणसाला उद्देशून वापरतात, ते परवानगी मागण्याचे आहे. मे आय कम इन. मे आय गो. मे आय ड्रिंक वॉटर. माझ्या कॉलेजातल्या मुलांनाही हीच वाक्ये सहज येतात. म्हणजे आपली मुले इंग्रजी बोलत नाहीत असे नाही. जिथे त्या भाषेने काहीतरी घडते, तिथे ती बोलतात. पाणी मिळते म्हणून ते वाक्य शिकले जाते. ‘धिस इज अ मँगो’ म्हटल्याने आंबा मिळत नाही. शिकवण्याचे सारे शास्त्र या एका फरकात आहे, आणि आपण मुलांना या भाषेतली जी एकच खरी कामगिरी सोपवली ती दारात उभे राहून विचारण्याची. साताऱ्याच्या शाळेत नळाला हात लावायला शिपाई लागायचा, शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागायचे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज नळ सर्वांचा आहे. मला एवढेच खटकते की नव्या भाषेतले आपले पहिले वाक्यही पाण्यासाठी परवानगी मागणारे असावे.

आता एकेकट्याची पाळी. कोरस संपला की गुरुजी एखाद्याला उभे करतात. कोणाला? ज्याच्याकडून उत्तर येईल त्याला, कारण तास पुढे सरकायचा असतो. उत्तर कोणाकडून येते? ज्याच्याकडून घरी, किंवा तालुक्याच्या शिकवणीत, कोणीतरी करून घेतलेले असते त्याच्याकडून. दोन-तीन मुले ठरलेली. त्या वर्गात बौद्धवाडीतली मुले पऱ्या ओलांडून, भिजून, पाच-दहा मिनिटे उशिरा येत आणि भिंतीच्या बाजूला जागा मिळेल तिथे बसत. त्यांना कोणी तिथे बसवले नव्हते. त्यांच्याकडे प्रश्न वळायचा तो शेवटी, आणि थांबायचा क्षणभर. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने सत्तरच्या दशकात शिक्षकांच्या या थांबण्याची मोजणी केली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे तिला दिसले. हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी जरा जास्त, मठ्ठ समजल्या गेलेल्यांसाठी कमी. तेच थांबणे तीन सेकंदांवर नेले तेव्हा उत्तरे लांबली आणि जी मुले बोलत नव्हती ती बोलू लागली. दोन सेकंदांचा प्रश्न आहे. पण ते दोन सेकंद कोणाच्या वाट्याला येतात याची वाटणी आपल्या गावात आधीच झालेली असते.

बाबासाहेबांच्या चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कुलातला एक प्रसंग येतो. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि वर्गात गलका उडाला, कारण फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले होते. तो प्रसंग आपण विटाळाचा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे जी वाचताना निसटते: शिक्षकाने बोलावले होते. वर्गाने आरडाओरडा केला म्हणून का होईना, त्या मुलाच्या हाती खडू देणे ही घटना ठरली. आज डब्यांचा प्रश्न नाही. एका पातेल्यातली खिचडी सगळे खातात. मात्र मी बसले होते त्या दिवसांत भिंतीलगतच्या मुलांपैकी कोणी इंग्रजीच्या तासाला फळ्यापाशी गेलेले मला दिसले नाही, आणि त्यावर गलका होण्याचे कारणही कोणाला नव्हते.

यावर आपल्याकडचे तयार उत्तर असे असते की ही मुले मुळात अबोल, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, शब्दसंग्रह कमी. हे उत्तर सवर्णच देतात असे समजू नये. आपल्यातले शिकलेलेही देतात, मीही दिले आहे. १९६९ साली लबोव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या काळ्या मुलांविषयी हेच म्हणणे तपासले. लिऑन नावाचा आठ वर्षांचा मुलगा. मोठा माणूस समोर बसून विचारू लागला, की तो एका शब्दात बोले, नाही तर गप्प. मग त्याच माणसाने खोलीत बटाट्याचे काप आणले, लिऑनच्या दोस्ताला बरोबर घेतले, आणि स्वतः जमिनीवर बसला. मुलाला बोलायला जागा राहीना, इतका तो बोलू लागला. तो अबोल नव्हता. त्याला झडती कळत होती आणि तो सावध होता. आपली मुलेही सावध असतात. त्यांना ठाऊक असते की तोंड उघडले की ‘नाय’चे ‘नाही’, ‘पानी’चे ‘पाणी’ करून मिळेल, आणि तेवढे झाल्यावर मग ‘इंग्रजीत सांग’. एक वाक्य बोलायला दोन उंबरठे, दोन्हींवर टोकणारा माणूस.

इथे स्वतःविषयी थोडे सांगते. मी पाचवीत असताना, दुसऱ्याच एका शाळेत, सरांनी फळ्यावर ‘माय फादर’ असा निबंध लिहून दिला. पहिले वाक्य: माय फादर इज अ फार्मर. माझे वडील शेतकरी नव्हते. आमच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. ते दुसऱ्यांच्या कलमांची राखण करत, हंगाम संपला की मिळेल ते काम. मी उठून विचारले, सर, राखणदाराला काय म्हणतात? सर म्हणाले, “फार्मरच लिही. सगळ्यांचं सारखं असलं म्हणजे तपासायला बरं.” मी लिहिले. मला दहापैकी नऊ गुण मिळाले. त्या भाषेत स्वतःविषयी लिहिलेले माझे पहिले वाक्य खोटे होते आणि ते शुद्ध होते. पुढे मी त्या भाषेत एम.ए. केले, पण कितीतरी वर्षे तिच्यात काही लिहायचे म्हटले की मी आधी फळ्याकडे बघते आहे असे वाटत असे.

हा केवळ शिक्षणशास्त्राचा विषय नाही, आपल्या साहित्याचा आहे, असे मी म्हणते ते याच कारणाने. दलित साहित्य उभे राहिले ते दुसऱ्याने फळ्यावर लिहून दिलेले वाक्य नाकारून. १९७८ साली ‘बलुतं’ आले, आणि बापाच्या धंद्याविषयीची खरी वाक्ये मराठीत प्रथमच एवढ्या उघडपणे छापली गेली. पण इंग्रजीत पाहा. ‘बलुतं’ इंग्रजीत गेले ते २०१५ साली, जेरी पिंटो यांच्या हातून. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ आणि आमच्याच रत्नागिरीच्या मातीतले उर्मिला पवार यांचे ‘आयदान’, दोन्ही २००८ साली माया पंडित यांच्या हातून. या अनुवादकांचे आपल्यावर उपकार आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद हा की १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ हे भाषण आपल्या माणसाने स्वतः इंग्रजीत लिहिले, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या दलिताचे आयुष्य इंग्रजीत सांगायचे तर बहुतेक वेळा दुसऱ्याची लेखणी लागत आली. पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीतून तरी हे बदलायला हवे होते. ‘आयदान’मध्ये लेखिकेला शाळेत शेणावरून मार बसतो आणि तिची आई गुरुजींना जाब विचारते. त्या आईला कोणी बोलायला शिकवले नव्हते. तिच्या बोलीत जाब विचारण्याची ताकद होती. वर्गात त्याच बोलीला ‘मराठीत नको’ असेही म्हटले जाते आणि ‘अशुद्ध’ असेही.

मग काय करावे? बाबासाहेबांचे इंग्रजी कसे झाले ते पाहावे. त्यांचे मूळ गाव आंबडवे, याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. वडील रामजी सुभेदार लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. ते मुलाकडून घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेत. आजच्या शास्त्राला भाषांतराची पद्धत जुनाट वाटते, आणि तिचे दोष आहेतही. पण तिच्यात एक गोष्ट होती: मराठी वाक्य हाती घेऊन पलीकडे जायचे. मुलाच्या तोंडची भाषा हे भांडवल मानले जाई, अडथळा नव्हे. आणि शेजारी बसून विचारणारा बाप होता, त्याला त्या मुलाच्या उत्तराची खरी ओढ होती. दुसरे उदाहरण अलीकडचे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर आणि मद्रासकडच्या साध्या, देशी माध्यमाच्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांपुढे कोडी ठेवली: हे वेळापत्रक आहे, कोणत्या गाडीने गेले तर वेळेवर पोचू, हा नकाशा आहे, रस्ता सांगा. चुकीच्या इंग्रजीत का होईना, उत्तर खरे शोधायचे. भाषा त्या शोधाच्या ओघात यावी अशी कल्पना. प्रयोगावर टीका झाली, होणारच. पण महागडी शाळा नसतानाही खरा प्रश्न विचारता येतो एवढे त्याने दाखवले. बालभारतीचे पहिलीचे पुस्तकही चित्रांचे, गाण्यांचे, कृतींचे आहे. दोष पुस्तकावर ढकलून मोकळे होण्यात अर्थ नाही.

आपल्या चळवळीविषयीही एक शब्द बोलते, कोणाला रुचो न रुचो. उत्तर प्रदेशातल्या बांका गावी २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीचे मंदिर उभे करण्याचा घाट घालण्यात आला. त्यामागची चीड मला समजते. पण भाषेची मूर्ती केली की तिच्यापुढे हात जोडून उभे राहणे एवढेच उरते, आणि तेवढे आपल्या मुलांना आधीच येते. इंग्रजी माध्यमाचेही तसेच. कर्ज काढून मुलाला तिथे घालणाऱ्या आईबापांना मी नावे ठेवणार नाही. मात्र अशा काही शाळांत मी गेले आहे. तिथे ‘इंग्रजीतच बोला’ अशी पाटी असते, आणि पाटीखाली मुले गप्प असतात. कोरस तिथेही तोच, फक्त गणवेशाला टाय आहे.

कार्यकर्त्यांनी करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला मोर्चा लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, वंचित घटकांतले पालक त्यांच्या प्रमाणात असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा म्हणतो. या समितीत आपण छप्पर, संडास, खिचडी यांवर बोलतो, तेही जरूर बोलावे. पण आपल्या वाडीतल्या एखाद्या आईने शिक्षकांना विचारून महिन्यातून एक तास वर्गात बसावे आणि कोणते मूल किती वेळा एकटे बोलले त्याच्या रेघा ओढाव्यात. याला इंग्रजी यावे लागत नाही. रेघा शिक्षकाला दोष द्यायला वापरायच्या नाहीत, त्यालाच दाखवायच्या. आमच्या गुरुजींना मी माझी वही दाखवली तेव्हा ते रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी भिंतीलगतच्या एका मुलीला फळ्याकडे बोलावले. ती गेली नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले.

त्याच शाळेतल्या बाईंचा, पहिली आणि चौथीचा वर्ग, याबद्दल लिहायचे राहिले. बाईंचे इंग्रजी गुरुजींपेक्षा फार चांगले आहे असे नाही. जुलैतला दिवस, रात्रभर पाऊस झालेला. पहिलीतली एक मुलगी एकाच पायात चप्पल घालून आली. बाईंनी पुस्तक बाजूला ठेवले आणि विचारले, “काय गो, काय झालं?” मुलगी सांगू लागली: पऱ्याला पाणी आलेलं, आजीनं हात धरलेला, तरी एक चप्पल व्हावत गेली, कुत्रा मागनं पळाला. बाईंनी सगळे ऐकून घेतले, मध्ये कुठेही टोकले नाही, मग फळ्यावर लिहिले आणि वाचले: “माय स्लिपर वेंट इन द वॉटर.” मुलीने ते वाक्य म्हटले. दुसऱ्याने विचारले, कुत्र्याचं काय? बाई थोडा विचार करून म्हणाल्या, “द डॉग रॅन.” त्या दिवशी वर्गात कोरस झालाच नाही, ज्याला त्याला आपापले वाहून गेलेले काहीतरी सांगायचे होते. छत्री, कंपास, एकाची शेळीसुद्धा. मराठीत सांगायचे आणि इंग्रजी मागायचे. बाईंना सगळे शब्द आले नाहीत. एक-दोन मला विचारले, एक आम्हां दोघींनाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी तीच मुलगी भेटली, दोन्ही पाय उघडे. मी इंग्रजीतच विचारले, तुझी चप्पल कुठे आहे? तिने माझ्याकडे पाहिले आणि मी खरोखर विचारते आहे याची खात्री करून घेतली. मग म्हणाली, “वन इज इन वॉटर. वन इज इन हाऊस.”